उलानबातरमधला लांब लेओव्हर: एक रात्र मंगोल पशुपालकांच्या गेरमध्ये

जर्मनीत राहणाऱ्या आणि कामासाठी टोकियो किंवा सोलला जाणाऱ्या मराठी मंडळींना तिकीट शोधताना मियाट या मंगोलियन विमान कंपनीचा पर्याय दिसतो. फ्रँकफर्टहून उलानबातर आणि तिथून पुढे, असा तो मार्ग. बऱ्याचदा मधली थांबण्याची वेळ इतकी लांब असते की लोक तो पर्याय बघताक्षणी बंद करतात. माझं म्हणणं उलट आहे. उन्हाळ्याचे दिवस असतील तर तोच मुद्दाम निवडा, कारण उलानबातरचा विमानतळ शहरात नाहीच. जुलै २०२१मध्ये सुरू झालेला नवा चिंगीस खान विमानतळ शहराच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर, खुशिगच्या खोऱ्यात, उघड्या गवताळ माळावर आहे. आजूबाजूच्या खोऱ्यांमध्ये मेंढ्या-घोडे घेऊन गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या गोल तंबूत, राहणारी कुटुंबं आहेत. जगातल्या फार थोड्या राजधान्यांमध्ये विमानातून उतरून शहर न ओलांडता पशुपालकाच्या घरी पोचता येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: या वेळेत ठिकाणं बघायची नाहीत, एका घरी राहायचं. मोठा पुतळा, कासवासारखा खडक, मठ, संग्रहालय आणि शेवटी 'नोमॅड व्हिजिट' म्हणून चाळीस मिनिटं चहा, अशी सहल विकणारे पुष्कळ भेटतात. त्यात दिवस गाडीत जातो. पशुपालकांचं जगणं समजायचं तर संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा तिथे असायला हवं आणि पहाटे दूध काढायच्या वेळी जागं असायला हवं.

आधी तास मोजा

तिकिटावरचे तास आणि हातातले तास वेगळे. उतरल्यावर इमिग्रेशन, पैसे बदलणं आणि सिमकार्ड यांना दीड तास धरा. परतताना उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर असायला हवं, आणि रस्त्याचा भरवसा नाही म्हणून आणखी एक तास राखीव. म्हणजे साडेपाच तास आधीच गेले. शिवाय जायचा-यायचा प्रवास.

एकूण बारा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर पशुपालकांच्या घरी जायचा हट्ट सोडा. त्याऐवजी विमानतळाजवळच्या झूनमोद गावापाशी, बोग्द खान डोंगराच्या दक्षिण उतारावर, मंझुशीर मठाचे अवशेष आहेत ते बघून या. १७३३ साली स्थापन झालेला हा मठ १९३७च्या धर्मविरोधी मोहिमेत उद्ध्वस्त केला गेला. बारा ते अठरा तास असतील आणि ते दिवसाचे असतील, तर जवळच्या खोऱ्यातल्या कुटुंबाकडे दुपार घालवता येते. मुक्काम करायचा तर किमान वीस तास हवेत, आणि त्यात एक पूर्ण संध्याकाळ आणि एक पहाट बसायला हवी. रात्री अकराला उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी निघणारं विमान असेल तर वीस तास नाहीतच. ते तास झोपेत आणि अंधाऱ्या रस्त्यात जातील.

महिने: जून ते सप्टेंबरचा मध्य. ११ ते १३ जुलै नादामचा सण असतो. तेव्हा गाड्या, खोल्या, ड्रायव्हर सगळं आधीच अडकलेलं असतं, पण एखाद्या गावातल्या छोट्या नादामला घेऊन जाणारं कुटुंब मिळालं तर त्याहून भाग्य नाही. मार्च ते मे धुळीची वादळं येतात आणि त्याच काळात करडं-कोकरं जन्मतात, शेळ्यांची लोकर विंचरायची असते; पाहुण्यासाठी कोणाला सवड नसते. हिवाळ्यात पारा उणे तीसखाली जाऊ शकतो. लेओव्हरच्या सामानात त्या थंडीचे कपडे मावत नाहीत, म्हणून तेव्हा जाऊच नका.

तिकीट, व्हिसा, बॅग

थांबा चोवीस तासांच्या वर गेला की विमान कंपन्या त्याला सहसा स्टॉपओव्हर धरतात. भाडं बदलू शकतं आणि बॅग थेट शेवटच्या ठिकाणी न जाता उलानबातरलाच हातात येऊ शकते. तिकीट काढायच्या आधी दोन्ही गोष्टी विचारून घ्या. बॅग थेट पुढे जाणार असेल तर उबदार कपडे, औषधं आणि भेटवस्तू केबिनच्या बॅगेत भरा.

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो. मंगोलियन सरकारच्या ई-व्हिसा पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. तिकीट पक्कं झालं की त्याच आठवड्यात करा, शेवटच्या दिवसांवर ठेवू नका. अमेरिकन पासपोर्ट असलेल्यांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. पुढच्या देशाचा व्हिसा आणि परतीचं रहिवासी कार्ड मुदतीत आहे ना, हेही याच वेळी तपासा. प्रवास विमा काढताना त्यात घोडेस्वारी धरलेली आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते, आणि या सफरीत खरा धोका घोड्याचाच असतो.

कुटुंब कसं शोधायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि इथेच बहुतेक जण फसतात. 'गेर कॅम्प' आणि पशुपालकाचं घर या दोन निराळ्या गोष्टी. कॅम्प म्हणजे ओळीने मांडलेले पाहुण्यांचे गेर, जेवणघर, आंघोळीची सोय. चांगले असतात, पण तिथे जनावरं नसतात. तुम्हाला हवं आहे ते 'मालचिन' म्हणजे पशुपालक कुटुंब.

अशी कुटुंबं इंटरनेटवर सहसा भेटत नाहीत. ती ऋतूप्रमाणे जागा बदलतात: उन्हाळ्याचा तळ वेगळा, शरदाचा वेगळा, हिवाळ्याचा डोंगराच्या आडोशाला, वसंताचा आणखी कुठे. त्यामुळे नकाशावरचा पत्ता कामाचा नाही. मध्ये एक माणूस लागतो: त्या खोऱ्यातला, मंगोल आणि इंग्रजी दोन्ही बोलणारा गाइड, किंवा कुटुंबाला ओळखणारा ड्रायव्हर. उलानबातरमधली छोटी गेस्टहाउसं अशी माणसं जोडून देतात. निदान महिनाभर आधी लिहा आणि सरळ प्रश्न विचारा. या कुटुंबाकडे कोणती आणि साधारण किती जनावरं आहेत? त्या तारखांना ते कुठे असतील, आणि विमानतळापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो? त्या रात्री आणखी पाहुणे आहेत का? मी देतो त्यातले कुटुंबाला किती मिळणार?

शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. २०२३-२४च्या हिवाळ्यात 'झुद' आला, म्हणजे बर्फ आणि गोठलेल्या कुरणांमुळे जनावरं उपाशी मरतात तशी आपत्ती, आणि देशभरात सत्तर लाखांहून जास्त जनावरं गेली. कित्येक घरांवर कर्ज आहे. पाहुण्याचे पैसे तिथे खरोखर उपयोगी पडतात, पण ते घरापर्यंत पोचले तरच.

किती लांब जायचं

वीस ते तीस तासांसाठी शहराच्या दक्षिण-पश्चिमेकडची खोरी पुरेशी आहेत: विमानतळ ज्या तालुक्यात येतो तो सेर्गेलेन आणि त्याच्या शेजारचा अल्तानबुलग. शहरात शिरायची गरजच पडत नाही, आणि उलानबातरची वाहतूक कोंडी बघता हे फार मोठं सुख आहे. तेरेल्ज राष्ट्रीय उद्यान सगळ्यांना ठाऊक असतं. ग्रॅनाइटचे खडक, सूचिपर्णींचे उतार, तूल नदी, सुंदर आहे. पण ते शहराच्या पूर्वेला आहे आणि रस्त्यालगत कॅम्पांची गर्दी आहे. छत्तीस तास असतील तर मी हुस्ताइला प्राधान्य देईन. शहराच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या या राष्ट्रीय उद्यानात ताखी हे रानटी घोडे आहेत. १९६०च्या दशकात निसर्गातून नाहीसे झालेले हे घोडे युरोपात जगवलेल्या वंशातून १९९२पासून इथे परत आणले गेले. संध्याकाळी ते उतारावरून पाण्याकडे येतात, आणि उद्यानाच्या कडेला पशुपालकांची वस्ती आहे.

रस्ता डांबरी असेपर्यंत वेग बरा असतो. नंतर माळावरच्या चाकोऱ्या. पाऊस झाला की ओढे चढतात, म्हणून परतीचा तो राखीव तास चुकूनही वापरून टाकू नका. जुन्या लेखांमधली अंतरं मात्र विसरा. ती शहराला लागून असलेल्या बुयंत-उखा या जुन्या विमानतळाची आहेत.

विमानतळावर उतरल्यावर

एटीएममधून तुगरिक, म्हणजे तिथलं चलन, काढा. गेल्या काही वर्षांत डॉलरला साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे रुपयाला चाळीसच्या आगेमागे. माळावर कार्ड चालत नाही, म्हणून ठरलेली सगळी रक्कम आणि थोडी जास्त रोख जवळ हवी. मोबिकॉम किंवा युनिटेलचं सिम घ्या. पुष्कळ पशुपालकांकडे मोबाइल आहेत आणि सौरपट्ट्याही; सरकारने 'एक लाख सौर गेर' नावाची योजनाच राबवली होती. तरी खोऱ्यात रेंज जाते, म्हणून मंगोल भाषांतर आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे करा.

वाटेत झूनमोदच्या दुकानात थांबायला ड्रायव्हरला सांगा. सफरचंदं, कोबी, गाजर, बटाटे, तांदूळ, मैदा, चांगली बिस्किटं. माळावरच्या घरात ताजी फळं-भाज्या ही खरी भेट असते. मुलं असतील तर वह्या, रंग. वोडका नेऊ नका; गाइड 'चालते' म्हणाला तरी नेऊ नका. घरून न्यायचं तर चिक्कीचं बंद पाकीट न्या: वितळत नाही, फुटलं तरी बिघडत नाही, आणि लहानथोर सगळे खातात.

फोनमध्ये फोटो ठेवायला विसरू नका. शहरातले नव्हेत, गावाकडचे: गोठा, म्हशी, बैल, धनगरांचा कळप, शेत. गप्पा जनावरांवरून सुरू होतात आणि जनावरांवरच फिरत राहतात. तुमच्याकडे किती, पाऊस कसा झाला, चारा मिळतो का, हे प्रश्न त्यांना तोंडदेखले वाटत नाहीत. खंडाळ्याच्या धबधब्यासमोरची सेल्फी दाखवून संभाषण दोन मिनिटांत संपतं. म्हशीचा फोटो अख्खी संध्याकाळ पुरतो.

गेरच्या दारात

कुत्री राखणीची असतात, लाडाची नाहीत. गाडीतून उतरायच्या आधी लांबूनच 'नोखोइ खोर' अशी हाक द्यायची पद्धत आहे, म्हणजे कुत्रा आवरा. घरचं कोणी बाहेर आल्याशिवाय पाय खाली ठेवू नका. मंगोलियात रेबीज आहे.

दारावर टकटक करत नाहीत. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. हे मराठी घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. दार दक्षिणेला असतं. आत शिरल्यावर डावीकडे म्हणजे पश्चिमेला पाहुण्यांनी बसायचं, उजवीकडे स्वयंपाकाची बाजू, समोर दाराच्या विरुद्ध अंगाला मानाची जागा आणि देव. मध्ये चूल. फिरायचं ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. छताचं कडं तोलणारे दोन खांब असतात, त्यांच्या मधून जाऊ नका, त्यांना टेकू नका. चुलीत कचरा टाकू नका, तिच्याकडे पाय करून बसू नका.

'साइन बाइन ऊ' हा नमस्कार. एका माणसाला दिवसात एकदाच. दिलेली वस्तू उजव्या हाताने घ्यायची, डावा हात उजव्या कोपराला लावून, किंवा दोन्ही हातांनी. घरातला ज्येष्ठ पुरुष तपकिरीची दगडी बाटली पुढे करेल. उजव्या तळव्यावर घ्या, नाकाशी नेऊन हलकेच वास घ्या आणि तशीच परत द्या. तपकीर ओढलीच पाहिजे असं नाही. वोडकाचा पेला आला आणि पीत नसाल, तर उजव्या हाताची अनामिका त्यात बुडवून कपाळाला लावा आणि पेला आदराने परत करा. कोणाला राग येत नाही.

तुम्ही भारतातून आलात हे कळल्यावर एखादे आजोबा बकुला रिनपोछेंचं नाव काढण्याची शक्यता आहे. लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे १९९० ते २००० भारताचे राजदूत होते आणि साम्यवादी राजवट गेल्यानंतर इथला बौद्ध धर्म पुन्हा उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे नाव माहीत असू द्या.

मग कामाला लागा

पाहुणा म्हणून बसून राहिलात तर तुम्हाला चहा मिळत राहील आणि काहीच दिसणार नाही. गाइडकरवी सांगा, काहीतरी काम द्या.

उन्हाळ्यात घोड्यांची शिंगरं जमिनीलगत ताणलेल्या दोराला बांधून ठेवतात, त्यामुळे घोड्या लांब जात नाहीत आणि दिवसातून बऱ्याचदा दूध काढता येतं. आधी शिंगरू लावून पान्हा सोडवतात, मग एक जण ते बाजूला धरतो आणि बाई झपाट्याने दूध काढते. तुम्हाला शिंगरू धरायला देतील. संध्याकाळी मेंढ्या-शेळ्या परत आल्या की त्यांची तोंडं समोरासमोर करून माना एका दोरीत गुंफतात, दोन लांब रांगा होतात आणि मागून दूध काढलं जातं. इथे उभं राहायचं, मोजायला मदत करायची, पळालेलं कोकरू आणायचं. वाळलेलं शेण गोळा करून आणणं, पाणी भरणं, ही कामं कोणालाही जमतात. आपल्याकडे गोवऱ्या थापाव्या लागतात. इथल्या कोरड्या हवेत शेण जागच्या जागी वाळतं.

फोटो विचारून काढा, आणि दूध काढताना फ्लॅश नको.

घोड्यावर बसायचंच तर घरचा माणूस लगाम धरून चालेल असं बसा. मंगोल घोडे बुटके दिसतात पण अर्धरानटी असतात. डाव्या बाजूनेच चढा, मागून जवळ जाऊ नका, खोगिरावर बसून जॅकेट काढू नका; फडफडणाऱ्या कपड्याने घोडा उधळतो. हेल्मेट मिळेल का ते आधीच विचारा. जवळचं मोठं इस्पितळ उलानबातरलाच आहे, त्यामुळे पुढचं विमान पकडायचं असलेल्या माणसाने दौड करू नये.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

घरात शिरताच खारट दुधाचा चहा येतो. त्यात साखर नसते, मीठ असतं, आणि पहिल्या घोटाला पेज समजून प्यायलात तर लगेच आवडतो. सोबत बोर्तसोग हे तळलेले कणकेचे तुकडे, 'उरूम' ही दाट साय, 'आरूल' हे उन्हात वाळवलेले आंबट दह्याचे खडे, घट्ट दही. उन्हाळा हा दुधाचा मोसम, म्हणून शाकाहारी माणसाला जून ते ऑगस्ट सगळ्यात सोपे. 'बी माख इद्देग्वी', मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा. पण खरं काम आधीच्या निरोपाने होतं. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानीण हातातलं काम टाकून धावपळ करेल. सुईवान या हाताने कापलेल्या शेवया तुम्ही आणलेल्या कोबी-गाजरात छान होतात. भांडं मात्र तेच असेल ज्यात काल मटण शिजलं. ते चालत नसेल तर तयार पोहे-उपम्याची पाकिटं न्या, गरम पाणी मागून घ्या, आणि त्यातलं घरच्यांनाही द्या. एकट्याने डबा उघडून खाणं बरं दिसत नाही.

मांसाहारी असाल तर दगड तापवून मांसाबरोबर बंद भांड्यात शिजवलेलं खोरखोग हे मोठ्या दिवसाचं जेवण. मार्मोट म्हणजे तर्वग या बिळातल्या प्राण्याला मात्र हात लावू नका. त्यातून प्लेगची लागण होते आणि मंगोलियात अशा घटना घडल्या आहेत. कच्चं दूध टाळा, ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार तिथे आढळतो. उकळलेलं निर्धास्त प्या. 'आइराग' हे घोडीचं आंबवलेलं, किंचित नशा आणणारं दूध. वाडगा परत करू नका, ओठाला लावा, एखादा घोट घ्या. भरपेट प्यायला पुढच्या खेपेला या. दुसऱ्या दिवशी विमानात बसायचंय.

रात्र आणि पहाट

जुलैतही रात्री पारा दहाच्या खाली येतो. चूल झोपताना पेटलेली असते आणि पहाटे विझते, त्यामुळे पहिल्या प्रहरी घामाघूम आणि शेवटच्या प्रहरी कुडकुडणं होतं. थर्मल, लोकरीची टोपी, जाड मोजे आणि झोपण्याच्या पिशवीचं पातळ अस्तर पुरे. संडास लांब, फळ्यांचा खड्डा असतो. उजेडात वाट बघून ठेवा, रात्री जाताना टॉर्च आणि घरच्या कोणाला तरी उठवणं दोन्ही हवं, कुत्र्यांसाठी.

पहाटे पाचच्या सुमारास घर जागं होतं. उठा. गायींचं दूध तेव्हाच काढतात, रात्रीच्या दुधावरची साय तेव्हाच उचलतात, आणि कळप कुठल्या बाजूला न्यायचा याची चर्चा चहाबरोबर होते. त्या चर्चेत वारा, गवताची उंची, शेजाऱ्याचा कळप, लांडगा, सगळं येतं. गाइडला शब्द न् शब्द सांगायला लावा.

निघताना

ठरलेले पैसे पाकिटात घालून घरच्या बाईच्या हाती दोन्ही हातांनी द्या, गाइडसमोर, म्हणजे हिशोब उघडा राहतो. काढलेले फोटो छापून ड्रायव्हरकरवी पाठवायची सोय त्याच वेळी ठरवा. घरोघरी मानाच्या जागेजवळ फोटोंची चौकट असते.

मग एक शेवटचं काम, जे जपान किंवा युरोपला जाणाऱ्यांनी टाळू नये. आरूलची पिशवी प्रेमाने हातात दिली जाईल. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि जपानमध्ये मांसाचे पदार्थ चालत नाहीत. म्हणून पिशवी घ्या, आभार माना, विमानतळावरच खा किंवा ड्रायव्हरच्या घरच्यांना द्या. बुटांच्या तळाचं शेण आणि माती ओल्या कापडाने नीट पुसून काढा, अंगावरचे कपडे बदलून वेगळ्या पिशवीत बांधा. जपानला उतरल्यावर जनावरांच्या सहवासात होतो हे प्राणी विलगीकरणाच्या खिडकीवर स्वतःहून सांगा. लाळ्या-खुरकूतसारखा रोग बुटाच्या तळातून प्रवास करू शकतो, आणि तिथले कर्मचारी तळ निर्जंतुक करून लगेच जाऊ देतात.